घड्याळजीच्या जागी

“आमच्या पोरीचं नाव काढा नाटकातून. आजच्या आज,” असं म्हणतच प्लंबर शाळेच्या हॉलमध्ये शिरला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पँट गुडघ्यापर्यंत ओली. एका घरचं पाणी बंद करून तो तसाच आला होता. ती माणसं त्याच्या नावानं बोटं मोडत असतील, पण रागाला दम कुठला?

नाटकाच्या बाई गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूनं फुल्या मारत होत्या. “काढू की,” त्या म्हणाल्या. “कारण तरी सांगा.”

“गणितात शंभरात अकरा. आणि इथं काम तरी कसलं दिलंत? राणी नाही, परी नाही. पडद्याआड उभं राहायचं आणि दुसऱ्यांना त्यांचे शब्द सांगायचे! शेजाऱ्याची चूल पेटवायची आणि आपण उपाशी.”

कडेला, पडद्याच्या दोरीजवळ त्याची लेक उभी होती. घरात तिला घुमी म्हणत. दहा वेळा विचारलं तर एकदा मान हलवायची. बापाला पाहून तिनं पडद्याची कड घट्ट धरली.

“आता माझंही गाऱ्हाणं ऐका,” बाई उठत म्हणाल्या. “काल हिनं वही हरवली. अख्ख्या नाटकाची एकच वही. कोणी कुठून यायचं, कुठे थांबायचं, सगळं तिच्यात. मी तर कपाळाला हात लावला. तर ही म्हणते, बाई, वही कशाला हवी?”

प्लंबरनं लेकीकडे पाहिलं. वही हरवली नव्हती. काल संध्याकाळी गणिताचे मार्क कळल्यावर त्यानंच ती फाडून कपड्यांच्या बादलीत बुडवली होती. दोन्ही हातांनी, जोर लावून, तुंबलेली मोरी मोकळी करावी तशी. पोरगी तेव्हा बोलली नव्हती, आणि आताही मूग गिळून उभी होती.

“हरवली म्हणाली?” त्यानं विचारलं.

“हो. का हो?”

“काही नाही.”

बाईंनी टाळी वाजवली. पोरं आपापल्या फुल्यांवर गेली. नाटक साधंच होतं. एक घड्याळजी स्वतःच्या लेकीवर सोन्याच्या घड्याळाच्या चोरीचा आळ घेतो, तिला घराबाहेर काढतो, आणि घड्याळ सापडतं ते त्याच्याच कोटाच्या खिशात. शेजारीण झालेली मुलगी अडखळली की पडद्याआडून हलकेच शब्द यायचा. शिपाई चुकीच्या बाजूला निघाला तर, “तिकडून नाही रे, खिडकीकडून.” वही नाही, कागद नाही. आठ जणांचं बोलणं एका पोरीच्या डोक्यात. प्लंबर आ वासून ऐकत राहिला. वर्षभरात त्यानं तिच्या तोंडून इतके शब्द ऐकले नव्हते. अर्थात, ऐकायला बसला कधी होता म्हणा.

“हिला नऊचा पाढा येत नाही हो,” तो पुटपुटला.

“सत्तेचाळीस पानं येतात,” बाई म्हणाल्या. “गणिताच्या सरांशी मी बोलते. तुम्ही आता एक करा. आमच्या घड्याळजीला गालगुंड झालंय. त्याच्या फुलीवर कोणीतरी उभं राहायला हवं, नाहीतर बाकीच्यांना अंदाज येत नाही. शेवटचाच प्रवेश आहे. या.”

“मी? अहो, मी नाव काढायला आलोय!”

“काढू की. आधी उभे राहा.”

बाईंनी उभं राहा म्हटलं की चाळिशीचा बाप्याही उभा राहतो. शाळेचा धाक एकदा हाडात मुरला की जन्मभर जात नाही. प्लंबरनं पिशवी खाली ठेवली, ओल्या चपला काढल्या आणि फुलीवर जाऊन उभा राहिला. कुणीतरी त्याच्या डोक्यावर घड्याळजीची टोपी चढवली. पोरं फिदीफिदी हसली.

“फार बोलायचं नाहीये,” बाईंनी लाल फ्रॉकमधल्या एका मुलीकडे बोट दाखवलं. “ही नाटकातली तुमची लेक. ती रुसून पाठमोरी उभी राहील. तुम्ही म्हणायचं, ‘चुकलं माझं. घरी चल.’ एवढंच.”

“एवढंच?” तो हसला.

लाल फ्रॉकवालीनं पाठ फिरवली. प्लंबरनं घसा खाकरला, तोंड उघडलं आणि मिटलं. हा माणूस गिऱ्हाइकाला ऐकवायचा, बायकोला ऐकवायचा, रस्त्यानं जाणाऱ्यालाही सोडायचा नाही. तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही त्याचा. पण हे चार शब्द त्याच्या जिभेवर आजवर आलेच नव्हते. त्याची नजर लाल फ्रॉकवरून सरकली आणि पडद्याच्या दोरीपाशी जाऊन थांबली. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

पोरं कुजबुजायला लागली. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

“अगं, बघतेस काय?” बाईंनी पडद्याकडे वळून दटावलं. “शब्द दे ना त्यांना. विसरले ते.”

पोरीनं पडदा सोडला. बापाकडे सरळ पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवून तिनं अख्ख्या हॉलला गप्प केलं.

“थांबा, बाई,” ती म्हणाली. “बाबा विसरले नाहीयेत.”