देवाचा नकार

कौलासाठी देवाच्या दगडाला चिकटवलेलं ओलं फूल पुन्हा डावीकडेच गळालं. धोंडू गुरवाने मान हलवली. "देव न्हाई म्हणतोय. वाडी सोडायची न्हाई."

जंगलखात्याने खाली सडकेला घरं देऊ केली होती, आणि जायचं की नाही हे या घनदाट रानातल्या वाडीने देवावर सोपवलं होतं. ठकूबाई मात्र ते ऐकून ताडकन उठली. गेल्या पावसाळ्यात तिची लेक बाळंतपणात अडली होती. पोरांनी तिला डोलीत घालून खाली न्यायला घेतलं, पण अर्ध्या वाटेवर चिखलातच ती गेली. आता सुनेचे दिवस भरत आले होते.

"तुझं बरंय रं देवा," ठकूबाई थेट गाभाऱ्यात शिरून म्हणाली. "तुला ना गुडघं, ना बाळंतपण. जळू चिकटली तर तिचंच दात पडतील. तू ऱ्हा हितं खुशाल. मी उद्या सुनेला घेऊन निघाले."

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. "देव कोपंल, म्हातारे!" गुरव ओरडला.

"कोपू दे की. माझ्यामागं त्या वाटेनं उतरंल, तवाच त्याला कळंल!"

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू कुणालाच आवरेना.

सकाळी ती सुनेचा हात धरून निघाली, तेव्हा मागे निम्मी वाडी होती. सगळ्यात शेवटी गुरव होता. त्याच्या डोक्यावरच्या पाटीत देव होता, आणि पाय घसरला की गुरव त्याला नाही नाही ते ऐकवत होता.