मागचं दार

“मागचं दार उघडं होतं,” एवढं चौकशीत म्हटलं की थोरली शिवणखात्याची मुकादमीण होणार होती. खरं बोलली तर हातचं मशीनही जाणार होतं. कारखान्याच्या आगीत धाकटी बहीण त्याच कुलूपबंद दाराशी जळाली, तेव्हापासून थोरलीचे हात इतके थरथरत की सुईत दोरा जाईना. “आम्ही चौदाजणी उघडंच म्हणालो. तू काय येशूला साक्षीला आणणार?” त्याच खात्यात शिवणाऱ्या जाऊबाईंनी टोमणा मारला. थोरलीनं बहिणीचा क्रूस मुठीत आवळला. ‘प्रभू, साक्ष मीच देते. तू नुसता शेजारी उभा राहा.’ चौकशीच्या साहेबांसमोर तिचा आवाज कापला नाही. “दाराला कुलूप होतं.” साहेबांनी चौदा जबाबांखाली पंधरावा सरकवला आणि फाईल बांधली. घरी दोरा पहिल्याच खेपेला सुईत गेला. शिवायला मात्र काही उरलं नव्हतं. चौदाजणींचं काम टिकलं, पंधरावीचं गेलं. मागच्या दाराला नवंकोरं कुलूप लागलं.