घासलेलं बेअरिंग

जुन्या बेअरिंगचे दोन अर्धे तुकडे सुटून परेशच्या तळहातावर पडले. वरचा चंदेरी थर पार घासून गेला होता, आतलं तांबं उघडं पडलं होतं. एवढ्याशा पत्र्यापायी बाबा गेले, हे त्याला खरं वाटेना. पण पत्र्याचा काय दोष? दोष त्याचा स्वतःचा होता.

शेडमध्ये बाबांची, म्हणजे काशिरामची, पांढरी अ‍ॅम्बॅसेडर बॉनेट काढून उभी होती. तिचं इंजिन बाजूला लाकडी ठोकळ्यांवर उलटं ठेवलं होतं. चेन-पुली लावून परेशनेच ते बाहेर काढलं होतं. बेअरिंगं ज्यावर बसतात त्या क्रँकच्या दांड्यावर नशिबाने नुसते ओरखडे होते. ते पॉलिश पेपरने घासून नवी बेअरिंगं बसवायची, एवढंच काम उरलं होतं. त्यालाही हात लावायला त्याने पाऊस संपेपर्यंत वेळ काढला होता.

गाडीचा आवाज येतो, हे काशिरामने त्याला कितीदा सांगितलं होतं. "बेअरिंगं गेलीत रे, परेश. खालून ठोकतंय. बदलून घे." परेश म्हणायचा, "करतो बाबा, नवरात्र होऊ दे." नवरात्र झालं, दिवाळीही झाली. त्यांच्या गावात, नेऱ्यात, फार्महाऊसं उठत होती आणि त्यांना रेती-विटा पुरवताना त्याला जेवायला सवड नसायची.

मग एका सकाळी काशिराम अंगणातच छाती धरून बसला. नवी गाडी घेऊन त्याची बायको दीपिका उरणला माहेरी गेली होती. ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसण्याचा धीर परेशला नव्हता. त्याने बाबांना अ‍ॅम्बॅसेडरमध्ये मागे झोपवलं, त्यांचं डोकं आईच्या मांडीवर दिलं आणि पनवेलचा रस्ता धरला.

"आई, बाबा कसे आहेत?" तो मागे न वळता पुन्हा पुन्हा विचारत होता.

"हायेत. तू पुढं बग," मैना म्हणत होती.

विचुंब्याच्या जवळ इंजिनात घण पडावेत तसा आवाज झाला. तेलाचा लाल दिवा लागला आणि गाडी बंद पडली. परेश रस्त्याच्या मधोमध उभा राहून येईल त्या गाडीला हात जोडत राहिला. शेवटी एक भाजीचा टेम्पो थांबला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि फक्त एवढंच सांगितलं, "ते गेलेत." त्यापुढे 'उशीर झाला' हे शब्द परेशने आपल्या मनाने जोडले. मग ते त्याला रोज ऐकू येऊ लागले. ट्रकमधून माल उतरवून घेताना ऐकू यायचे, जेवताना ऐकू यायचे.

तेराव्याला सगळे भाऊबंद म्हणाले होते, "पोरानं बापासाठी जिवाचं रान केलं." तो पंगतीतून उठून गेला होता. दीपिका म्हणाली, गाडी भंगारात देऊन टाकू या. त्याने नाही म्हटलं. गॅरेजवाल्यालाही बोलावू दिलं नाही.

"जेवाला चल," शेडच्या दारातून मैना म्हणाली. मग ती आतच आली आणि त्याचे हात बघू लागली. बोटांची सालटं निघाली होती. "मेकॅनिकला का नाय बोलवत? तुज्यानं व्हनार हाय का हे?"

परेशने तळहात तिच्यापुढे धरला.

"हे बघ, आई. बाबा ह्याच्यामुळे गेले. त्यांनी मला सांगितलं होतं. मी वेळेवर बदललं असतं तर गाडी विचुंब्याला थांबली नसती. आपण पोचलो असतो."

मैनाने त्यातला एक तुकडा हातात घेतला. उलटापालटा करून बघितला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने तो इंजिनावर ठेवला आणि हात पदराला पुसले.

"हे मनात घेऊन फिरतोस व्हय तू?"

परेशने हातातला दुसरा तुकडा पहिल्याशेजारी ठेवला.

"तुजे बाबा विचुंब्याला नाय गेले रं. आपली गाडी नेऱ्याच्या वेशीवर व्हती, तवाच गेले. माज्या मांडीवर. मीच त्यांचे डोले मिटले."

परेशला ती सकाळ आठवली. टेम्पोत घालायला मागचं दार उघडलं तेव्हा बाबांचे डोळे मिटलेले होते. आई त्यांच्या अंगावरची चादर नीट करत होती. घाईत तो एवढंच बघू शकला होता.

"मी रस्त्यात लोकांच्या पाया पडत होतो," त्याचा आवाज चढला. "आणि तू आत बसून बघत होतीस?"

"बगत व्हते," मैना खाली मान घालून म्हणाली. "ते अजून दिसतं मना. रोज दिसतं."

"नंतर तरी सांगायचंस! एवढे महिने!"

"लोक बोलले ना, पोरानं बापासाठी जिवाचं रान केलं. मना वाटलं, तेवडं तरी तुज्याकडं ऱ्हाऊ दे. बाप जिता असताना आपन धावलो, असं वाटून तुला झोप लागंल. तू उलटंच धरून बसशील, ह्ये मना काय ठावं?"

परेश खाली बसला. ऑईलचे हात त्याने तोंडाला लावले आणि तसाच रडला. बाबांच्या तेराव्यालाही तो रडला नव्हता. मैना त्याच्याशेजारी जमिनीवर टेकली, पण तिने त्याला हात लावला नाही. त्याचा राग अजून गेला नव्हता आणि तिलाही ते कळत होतं.

बाहीने तोंड पुसत त्याने विचारलं, "निदान तेव्हाच, गाडीत का नाही सांगितलंस?"

"तू चालवत व्हतास," मैना म्हणाली. "ते गेले व्हते. मना तुला तरी जिता घरी आनायचं व्हतं."