हे वाक्य तुझं नाही

"डावीकडे!" दिग्दर्शिका योलांडा ओरडली, आणि अंतराळयानातली चाळीस माणसं एकदम डावीकडे कलली. "उजवीकडे!" सगळी उजवीकडे कोलमडली. यान हलत नव्हतंच. व्हँकुव्हरबाहेरच्या एका गोदामात ते प्लायवूडवर रंग मारून उभं केलेलं होतं. हलायचं काम माणसांकडे.

मधल्या खुर्चीत कॅप्टन, म्हणजे कॉर्बिन. त्याच्या उजव्या खांद्यामागे उपकप्तान, म्हणजे डर्मट, सहा वर्षं उभा. त्या खुर्चीत दुसऱ्या कोणी बसायचं नाही, असा या मालिकेतला रिवाज होता. जेवणाच्या सुट्टीतही ती रिकामी असे. डर्मट एकदा आसपास कोणी नसताना बसून आला होता. उशी मऊ होती. त्याचंही त्याच्या पोटात दुखलं.

कॉर्बिनला वाक्यं पाठ होत नसत. डर्मट ती मागून ओठ न हलवता पुटपुटायचा, आणि कॉर्बिन तीच अशा आवाजात म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा सांगेल तर सूर्यातही उडी घेऊ. गाद्यांच्या जाहिरातींतून आलेला माणूस! डर्मटची रंगभूमीवरची वीस वर्षं त्या आवाजापुढे पाणी भरत होती.

पण कॉर्बिनचा करार आता संपत आला होता. खुर्ची पुढं कोणाला द्यायची ते ठरवायला निर्माती मार्लीन लॉस एंजेलिसहून आली होती. सकाळीच ती डर्मटला म्हणाली होती, "आज तुझ्यावर लक्ष ठेवणार आहे हं मी. संकटात तू कसा दिसतोस, तेवढंच बघायचंय."

धूर सोडायचं यंत्र फुसफुसत होतं. धुराच्या दृश्याच्या दिवशी गोदामाची आगीची घंटा बंद ठेवत, नाहीतर ती उगाच बोंबलायची. डर्मटला कसलातरी वास आला. यंत्राच्या धुराचा वास गोडसर असतो. हा वायर जळाल्याचा होता. इतक्यात डाव्या भिंतीवरून एक ज्वाळा डोकावली. चाळीस जणांनी ती बघितली आणि सगळे आणखी जोरात घाबरायला लागले. आज काम झकास चाललं होतं.

डर्मटनं कॉर्बिनकडे बघितलं. त्याला कळलं होतं. खुर्चीचे हात घट्ट धरून तो पांढराफटक पडला होता. तोंड उघडं, आवाज नाही.

आणि डर्मटला, खोटं कशाला बोला, आनंद झाला. मार्लीन समोरच बसली होती. तो दोन पावलं पुढं आला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "खरी आग लागलीय! सगळे बाहेर चला!"

कोणी हललं नाही. चाळीस चेहरे सवयीनं खुर्चीकडे वळले.

"थांबू नका, चालू ठेवा!" योलांडा खेकसली. "डर्मट, हे वाक्य तुझं नाहीये!"

"अगं, नाटक नाहीये हे! खरंच आग आहे!"

"मार्लीनबाई आल्यात ना," मागून कोणीतरी कुजबुजलं, "म्हणून वाक्यं वाढवतोय."

डर्मटच्या मनात आलं, मरू दे. अजून अर्धा मिनिट जाऊ दे. कॅप्टन कसा थिजलाय, ते मार्लीनला नीट दिसू दे. तेवढ्यात डाव्या भिंतीजवळची एक मुलगी खोकत खोकत गुडघ्यावर बसली. "मस्त खोकतेस गं," शेजारचा तिला म्हणाला. तिला बोलता येईना.

डर्मट मागं गेला, रोजच्या जागी, उजव्या खांद्यामागे. ओठ न हलवता पुटपुटला, "म्हण, आग खरी आहे."

"आग खरी आहे," कॉर्बिन म्हणाला. गोदाम चिडीचूप झालं.

"मागच्या दारानं. पळायचं नाही. शेजाऱ्याचा हात धरा."

"मागच्या दारानं," कॉर्बिनचा आवाज गोदामभर घुमला. "पळायचं नाही. शेजाऱ्याचा हात धरा."

चाळीस माणसं, कॅमेरेवाले, योलांडा आणि मार्लीन, सगळी शाळेतल्या पोरांसारखी हात धरून बाहेर पडली. त्या खोकणाऱ्या मुलीला दोघांनी उचलून आणलं. ती पाणी प्यायली, उठून बसली. कोणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

बाहेर गाड्या लावायच्या आवारात कॉर्बिननं डर्मटची बाही पकडली. समोरून मार्लीन येत होती, मागं सगळा लवाजमा.

"डर्मट," तो पुटपुटला, "आता काय म्हणू?"

डर्मटनं एक श्वास घेतला. सहा वर्षं वाट बघितली होती त्यानं. "खरं ते म्हण," तो म्हणाला. "म्हण, मी काहीच केलं नाही. सगळं यानं केलं."

कॉर्बिन वळला. त्यानं डर्मटच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या आवाजात, अगदी मनापासून म्हणाला, "मी काहीच केलं नाही. सगळं यानं केलं."

मग योलांडाला रडू फुटलं. मार्लीन डोळे पुसत बाकीच्यांकडे वळली. "बघा," ती म्हणाली, "याला म्हणतात कॅप्टन."

टाळ्यांचा कडकडाट झाला. डर्मटनंही वाजवल्या. वाक्य फारच सुंदर म्हटलं होतं मेल्यानं.