आतल्या खोलीतली माणसं

"खाकरणारे काका परत आले का गं?" सासूने विचारलं.

सुनेचा कप बशीवर जरा जोरातच टेकला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पलीकडे पाच-सहा माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बोलत होती, आणि त्यांतले एक गृहस्थ खाकरून खाकरून, आपल्याच टेबलावर वारा का येत नाही, ते विचारत होते.

"परत म्हणजे?"

"अगं, गेल्या आठवड्यात निवृत्त झाले ना ते. निरोपाचं बोलताना गळा दाटला त्यांचा. मी इथे मटार सोलता सोलता डोळे पुसत होते."

सासूचे डोळे काचबिंदूने केव्हाच नेले होते. आता पुसण्यापुरतेच उरले होते ते, असं ती स्वतःच म्हणायची. सून घरून काम करू लागली, तशी सासूने आपली खुर्ची त्या दाराशी ओढून घेतली. आतल्या एकेकाला तिने नावं ठेवली. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणारा साहेब, तो दुबार. दुसऱ्याच्या डब्यावर टपून असणारा, तो बोका. हसली की भांडी घरंगळल्यासारखी वाटणारी, ती मांडणी. संध्याकाळी सगळ्यांची चौकशी व्हायची. बोक्याचं कुठे जमतंय का, दुबारचा ताप उतरला का. तोंडाने एकमेकांची सालं काढतात, पण कुणाला काही झालं की सगळी धावतात, याचं तिला फार कौतुक. माणसं दिसत नसताना एवढा जीव कसा लावता, असं सुनेने एकदा विचारलं होतं. देव तरी कुठे दिसतो, असं म्हणून सासू मटारच्या शेंगा मोडत राहिली होती.

आतल्या खोलीत ऑफिस नव्हतं. लॅपटॉपवर ऑफिसची एक विनोदी मालिका चालू होती.

खरं ऑफिस दोन महिन्यांपूर्वीच बंद झालं होतं. त्या संध्याकाळी सून घरात सांगणारच होती. पण नवराच उड्या मारत आला. स्वतःच्या गॅरेजसाठी त्याला मनासारखी जागा मिळाली होती. तुझा पगार पाठीशी आहे म्हणून हिंमत करतोय, असं तो म्हणाला, आणि तिचं सांगणं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी, आता घरूनच काम करायचंय असं सांगून ती आतल्या खोलीत बसली, तर तिथली शांतता तिला खायला उठली. तिने मालिका लावली. सुरुवातीचं गाणं आलं की आवाज बंद करायची, माणसं बोलू लागली की पुन्हा वाढवायची. हळूहळू तिलाही त्यांची सवय लागली. तिथे रोज कुणीतरी नवा घोळ घालायचं, साहेब डोकं धरून बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या जागेवर. कितीही चुका करा, कुणाची खुर्ची जात नव्हती.

काल शेवटचा भाग संपला. आज तिने मालिका पहिल्यापासून लावली होती. आणि आजच दुपारी नवरा, तो कामाला होता त्या गॅरेजच्या मालकाला सांगणार होता, की उद्यापासून मी कामावर येत नाही.

"काकांना सल्ल्यासाठी पुन्हा बोलावलंय, आई," सून म्हणाली.

"असं होय." सासूने एक शेंग मोडली. दाणे भांड्यात पडले. "आणि बोका मघाशी दुबारला आपलं नाव सांगत होता. आजच नोकरीला लागल्यासारखा."

आत मांडणी हसली, तिच्यामागोमाग बाकीचे हसले.

"मी रागावले नाही, पोरी. माझाही दिवस जायचा त्यांच्यात. आधी वाटायचं, मलाच नीट ऐकू येत नसेल." सासूने चेहरा तिच्याकडे वळवला. "इतकी माणसं बोलतात, भांडतात, हसतात. त्यांच्यात तुझा आवाज कधीच येत नाही गं."

टेबलावरचा फोन वाजला. नवऱ्याचा. फोन कानाशी धरवेना, म्हणून तिने तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

मालक आत येऊन बसलेत, तो दबक्या आवाजात सांगत होता. छातीत धडधडतंय, म्हणून बाहेर येऊन आधी तुला फोन केला. जागेचा निरोपही आजच द्यायचाय. एवढ्यात आतून हसण्याची मोठी लाट आली आणि तो तिकडे थांबला.

"मजा आहे बुवा तुमच्या ऑफिसात," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "मग काय, सांगून टाकू ना त्यांना?"

सुनेचे ओठ हलले. दोन महिने जे म्हणत आली होती, तेच 'हो' जिभेवर आलं होतं.

सासूने मटारचं भांडं खाली ठेवलं. ती उठली. भिंतीला हात लावत, दार ढकलत आत गेली. टेबलाची कड, खुर्चीची पाठ, पाण्याची बाटली असं एकेक चाचपत तिची बोटं लॅपटॉपपर्यंत पोचली. काका नुकतेच खाकरले होते. त्यांना पुढे काय म्हणायचं होतं कोण जाणे. तिने झाकण अलगद खाली दाबलं, झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं.

घर गप्प झालं.

"हॅलो?" नवरा म्हणाला. "एकदम आवाज कसा गेला? आहेस ना तू?"

सासू दारापर्यंत परत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. मान थोडी कलती, कान सुनेकडे.