नाकाची पूजा

मृणालिनी खरेच्या यंत्राची अंतिम चाचणी पूर्ण यशस्वी झाली. परिवहन खात्याने मात्र चाचणी झालीच नाही असं ठरवलं.

डेपोतल्या प्रत्येक बसच्या सायलेन्सरवर तिने बनवलेलं 'नाक' होतं. धूर हुंगला की इंजिन बंद. खंडेनवमीला, ऐन चाचणीत, सगळ्या बस एकदम बंद पडल्या. ती धावत पोचली, तर प्रत्येक नाकाला झेंडूचा हार आणि नाकपुडीत पेटती उदबत्ती.

"ही कुणाची अक्कल?"

"मॅडम, तुमच्याच यंत्राची पूजा केली," फोरमन नलवडे दुखावल्या सुरात म्हणाले, "आणि आमच्यावरच खेकसता?"

फेरचाचणी उद्याच, दसऱ्याला. खात्याचे साहेब तारीख बदलेनात. यंत्र नापास झालं, तर सगळी मेहनत पाण्यात. मृणालिनीने दात-ओठ खात अर्ज लिहिला: 'तांत्रिक कारणास्तव यंदाचा दसरा एक आठवडा पुढे ढकलण्यात यावा, ही नम्र विनंती.'