तळातलं दार

"हे तळातलं दार उडवा," म्हणत जनरलसाहेबांनी ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने फुली मारली. "तळ कमकुवत होतो, वजन वाढतं. युद्ध संपलं आता. नवा रणगाडा हलका पाहिजे."

ताईने मान पुढे करून ती फुली पाहिली. ड्रॉइंग ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. ड्रायव्हरची जागा तिने आखली होती, आणि सीटमागच्या, तळातल्या त्या दारात तिचा सगळा जीव अडकला होता. तिचा धाकटा भाऊ युद्धात रणगाडा चालवायचा. गाडी पेटली तेव्हा तोफेची नळी नेमकी त्याच्या डोक्यावरच्या झाकणावर येऊन अडकली होती. बाकीचे वरून उड्या मारून सुटले. त्याचं झाकण उघडलंच नाही.

तिने आशेने ड्रॉइंग ऑफिसच्या हेडसाहेबांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे पाहत होते. मीटिंगमध्ये चकार शब्द काढायचे नाहीत, म्हणून त्यांचं नाव मौनीबाबा पडलं होतं. कालसुद्धा त्यांनी तिला समजावलं होतं, "सोड गं तो नाद. वरच्यांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?" आज तिला त्यांचा असा राग आला, की पुन्हा त्यांचं तोंड बघू नये असं वाटलं.

शेडमध्ये रणगाडा उभा होता. आकाराने खराखुरा, पण सगळा लाकडाचा. जनरलसाहेबांच्या समितीने होकार दिल्याशिवाय पोलादाला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. जनरलसाहेबांना फोटोची हौस आली. पोट आवरत ते ड्रायव्हरच्या जागेत उतरले आणि "बघू तरी" म्हणत त्यांनी झाकण आतून ओढून घेतलं.

"तोफ फिरवून दाखवा की!" कुणीतरी उत्साहाच्या भरात ओरडलं. तोफेचा घुमट हातांनीच ढकलायचा होता. सुतार लागले. मागून मौनीबाबांनीही हात लावला. नळी फिरत फिरत झाकणावर आली, थांबली, आणि तिथून काही केल्या हलेना.

आधी आतून हसणं ऐकू आलं. मग थापा. मग "अरे, उघडा!" अशी बोंब. सुतार घामाघूम झाले. "लाकूड फुगलं वाटतं," एक जण पुटपुटला.

त्या थापांनी ताईचे डोळे भरून आले. भावाचेही हात असेच वाजले असतील. ती ड्रायव्हरच्या झरोक्याशी वाकली.

"साहेब, घाबरू नका. सीटच्या मागे चाचपा. कडी आहे, ती ओढा."

"कसली कडी?"

"तुम्ही मघाशी फुली मारलीत ना, त्या दाराची."

खडखडाट झाला. रणगाड्याच्या पोटाखालून आधी बूट आले. मग पाय. मग कमरेपाशी सगळं अडलं. दोघा सुतारांनी ओढलं तेव्हा पदकं आली, आणि शेवटी भुशाने माखलेली मिशी. हसावं की सलाम ठोकावा, कुणाला कळेना.

साहेब उभे राहिले. मिशी झटकली. वाकून त्या दारातून एकदा आत पाहिलं. मग त्यांनी ड्रॉइंग मागवलं, फुली खोडली आणि शेजारी सही ठोकली.

"दार राहील," ते म्हणाले. "आणि चांगलं चार बोटं आणखी रुंद करा. सगळेच ड्रायव्हर काही उपाशी नसतात!"

शेडभर हशा पिकला. सुतारांनी टोप्या उडवल्या. ताई हसत होती आणि रडतही होती. भाऊ नाही सुटला. पण यापुढे गाडी पेटली तर ड्रायव्हर सुटणार होता.

सगळे गेल्यावर तिने सहज घुमटाला हात लावला. तो अलगद फिरला. ती चक्रावली. फुगलेलं लाकूड इतक्यात सुकलं?

मागे कुणीतरी खाकरलं. मौनीबाबा होते. त्यांनी खिशातून एक लाकडी पाचर काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"जपून ठेव," ते म्हणाले. "पुढच्या रणगाड्यालाही लागेल."